छोटा लॅपटॉप, लिनक्स आणि जाणकार कोणाला म्हणायचं?

(शेळगाव, ता. इंदापूर इथे झालेल्या व्याख्यानाचं हे शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे. शेवटी श्रोत्यांनी विचारलेले काही प्रश्न दिले आहेत.)



धारा उरकून, दूध घालून, घरची कामं आटोपून तुम्ही इथे आलात, त्याबद्दल आधी आभार. सुरुवातीलाच एक प्रश्न विचारतो. तुमच्यापैकी किती जणांच्या घरी एखादा लॅपटॉप कपाटावर धूळ खात पडलाय? हात वर करा. लाजू नका. बघा, निम्म्याहून जास्त हात आहेत. आता दुसरा प्रश्न. तो बंद पडलाय म्हणून ठेवलाय, की "लई स्लो चालतोय" म्हणून ठेवलाय? हां. म्हणजे मशीन जिवंत आहे, फक्त आपण त्याला म्हातारं ठरवलंय.

आजचा विषय तोच आहे. असल्या लहान, कमी ताकदीच्या लॅपटॉपवर लिनक्स कसं चालतं हे मी सांगणार आहे. त्याहीपेक्षा महत्त्वाचं म्हणजे लिनक्सचा जाणकार कोणाला म्हणायचं, याबद्दल बोलणार आहे. कारण या बाबतीत मी स्वतः बरीच वर्षं चुकीच्या समजुतीत होतो, आणि त्या समजुतीची किंमत माझ्या वहिनीला मोजावी लागली. ती गोष्ट पुढे येईलच.

टेलचं शेत

लहान लॅपटॉप म्हणजे काय? साधारण ११ इंची पडदा, २ जीबी रॅम आणि ३२ जीबी साठवण, तीसुद्धा बोर्डावर पक्की बसवलेली, बदलता न येणारी. मध्यंतरी असे लॅपटॉप दहा-पंधरा हजारांत भरपूर विकले गेले. त्यावर विंडोज १० घालून दिलेलं असायचं. ३२ जीबीतली बरीचशी जागा विंडोजनंच खाल्लेली. मग अपडेट आलं की ते उतरवायला जागा नाही, जागा नाही म्हणून अपडेट होत नाही, आणि अपडेट होत नाही म्हणून रोज तीच सूचना. शेवटी माणूस कंटाळतो आणि झाकण लावून टाकतो. त्यात १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नियमित आधार संपला. विंडोज ११ ला कमीत कमी ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी साठवण लागते. म्हणजे या मशीनला तिकडे दार बंद.

आता लिनक्स म्हणजे काय ते आपल्या भाषेत सांगतो. आपण नीरा डाव्या कालव्याची माणसं. कालव्याला पाणी सुटलं की पाटकरी ठरवतो, कुठल्या चारीला किती वेळ दार उघडायचं, कोणाची पाळी आधी आणि कोणाची नंतर. तो शेत नांगरत नाही, ऊस लावत नाही. पाण्याची वाटणी हेच त्याचं काम. संगणकात प्रोसेसरचा वेळ, रॅम, डिस्क, वायफाय यांची अशीच वाटणी करणारा एक कार्यक्रम असतो. त्याला कर्नल म्हणतात. नेमकं बोलायचं तर लिनक्स म्हणजे फक्त हा पाटकरी.

पण नुसत्या पाटकऱ्यानं शेती होत नाही. चाऱ्या हव्यात, औजारं हवीत, बियाणं हवं. लिनक्स कर्नल घेऊन त्याभोवती हे सगळं नीट जमवून दिलं की त्याला डिस्ट्रिब्युशन किंवा थोडक्यात डिस्ट्रो म्हणतात. डेबियन, उबुंटू, मिंट, फेडोरा ही नावं तुम्ही ऐकली असतील. पाटकरी सगळीकडे तोच, बाकीची मांडणी वेगवेगळी.

मग लहान लॅपटॉप म्हणजे कालव्याच्या टेलचं शेत. टेलच्या शेतकऱ्याला पाणी किती ते माहीत असतं आणि तो पीक त्या हिशोबानं घेतो. पडद्यावर खिडक्या, मेनू, चित्रं दाखवणारा जो भाग असतो, त्याला डेस्कटॉप म्हणतात. त्यातले ग्नोमसारखे डेस्कटॉप दिसायला देखणे, पण रॅम जास्त खातात. एक्सएफसीई किंवा एलएक्सक्यूटी साधे आहेत, थोड्यात भागवतात. २ जीबीच्या मशीनवर हे दुसरे घ्यायचे. आणि सगळ्यात जास्त पाणी पिणारं पीक कुठलं? ब्राउजर. त्यात वीस टॅब उघडून ठेवणं म्हणजे टेलला वीस एकर ऊस लावण्यासारखं आहे. मग पाटकऱ्याच्या नावानं बोंब मारून उपयोग नाही. हां, एक सोय आहे. झेडरॅम नावाची. रॅममधला जो मजकूर लगेच लागत नाही तो दाबून, आटोपशीर करून रॅममध्येच ठेवायचा. आपल्या ठिबकसारखं समजा, त्याच पाण्यात थोडं जास्त रान भिजतं. पण ठिबक केलं म्हणून पाणी वाढत नाही, हे लक्षात ठेवा.

लहान मशीन ही लिनक्सला नवी गोष्ट नाही

लिनक्सचा जन्मच घरगुती मशीनवर झाला. १९९१ साली हेलसिंकी विद्यापीठात शिकणाऱ्या २१ वर्षांच्या लिनस टॉरवॉल्ड्सनं आपल्या ३८६ प्रोसेसरच्या संगणकासाठी तो लिहायला घेतला, आणि २५ ऑगस्टला त्याबद्दल इतरांना कळवलं. पुढे तो मोठमोठ्या सर्व्हरवर गेला. पण लहान मुलांच्या हातातल्या लहान लॅपटॉपवर तो कधी आला, त्याची एक गोष्ट आपल्या महाराष्ट्रात घडलेली आहे आणि ती आपल्याला फारशी माहीत नाही.

अमेरिकेतल्या एमआयटीमधून निघालेली 'वन लॅपटॉप पर चाइल्ड' नावाची योजना होती. गरीब देशांतल्या प्रत्येक मुलाला स्वस्त लॅपटॉप द्यायचा, अशी कल्पना. २००६ मध्ये आपल्या केंद्र सरकारच्या शिक्षण खात्यानं तिला नकार दिला. तरीही २००७ मध्ये या योजनेचा भारतातला पहिला प्रयोग रायगड जिल्ह्यात, कर्जत तालुक्यातल्या खैराट-धनगरवाडा इथल्या शाळेत झाला. एकशिक्षकी शाळा. पहिली ते चौथीची वीस-बावीस मुलं. त्यांच्या हातात 'एक्सओ' नावाचा हिरवा-पांढरा लॅपटॉप आला. मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रातल्या मंडळींनीही पुढे या कामाला हातभार लावला.

या लॅपटॉपची ताकद किती होती? ४३३ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर, २५६ एमबी रॅम, १ जीबी साठवण. आज तुमच्या खिशातला साधा मोबाइल त्याच्या कितीतरी पट आहे. पडदा साडेसात इंची, पण असा की भर उन्हात अंगणात बसूनही कृष्णधवल दिसायचा. आणि त्यावर लिनक्स होतं, फेडोरावर बेतलेलं. मुलांसमोर दिसायचा तो 'शुगर' नावाचा खास डेस्कटॉप.

मला त्या लॅपटॉपमधली सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे त्याच्या कीबोर्डवरचं एक बटण. त्यावर दातेरी चाकाचं चित्र होतं. ते दाबलं की तुम्ही जे वापरताय ते आतून कसं लिहिलंय ते दाखवायचं, अशी योजना होती. प्रत्येक कार्यक्रमात ते सुरुवातीपासून चाललं असं नाही, पण कल्पना बघा. आपल्याकडे मूल घड्याळ उघडायला गेलं की आपण काय म्हणतो? "हात लावू नको, बिघडेल." आणि इथे यंत्र बनवणारेच म्हणत होते, उघडून बघ.

पण पुढे काय झालं तेही प्रामाणिकपणे सांगायला हवं. खैराटचा प्रयोग देशभर पसरला नाही. पेरू देशात ही योजना सगळ्यात मोठ्या प्रमाणावर राबवली गेली. तिथल्या ३१९ शाळांचा अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. गणित आणि भाषेच्या गुणांत फरक पडल्याचं त्यात दिसलं नाही. म्हणजे मशीन दिलं, मोकळं सॉफ्टवेअर दिलं, आतलं दाखवणारं बटणसुद्धा दिलं, तरी त्यानं आपोआप शिक्षण घडलं नाही. का? माझं मत असं की ते बटण दाबल्यावर जे दिसतं त्याकडे न घाबरता बघणारं कोणीतरी मोठं माणूस मुलाशेजारी बसलेलं लागतं. मशीन पोचवता येतं. ते माणूस पार्सलनं येत नाही, गावातच तयार व्हावं लागतं.

त्याच वर्षी, २००७ मध्ये, असूस कंपनीचा 'ई पीसी' बाजारात आला. सात इंची पडदा, ४ जीबी साठवण, आणि त्यावरही लिनक्स. लोकांनी उड्या मारून घेतला. पण २००८ मध्ये मायक्रोसॉफ्टनं अशा स्वस्त लॅपटॉपसाठी विंडोज एक्सपीची मुदत वाढवली आणि दुकानातलं लिनक्स हळूहळू मागे पडलं. म्हणून आज लहान लॅपटॉपवर लिनक्स हवं तर ते आपलं आपण घालावं लागतं. आणि आपलं आपण घालायचं म्हटलं की लोक 'एक्स्पर्ट' शोधतात. तर आता त्या एक्स्पर्टची गोष्ट.

मी एक्स्पर्ट होतो तेव्हाची गोष्ट

आमच्या चुलतभावाचं दूध संकलन केंद्र आहे. हिशोब वहिनी बघायच्या. सकाळ-संध्याकाळचं दूध, लिटर, फॅट, एसएनएफ, दर, आणि दर दहा दिवसांनी शेतकऱ्यांचं बिल. त्यांच्याकडे मघाशी सांगितला तसलाच लॅपटॉप होता. जागा संपल्यामुळे हिशोबाच्या फायली त्या पेनड्राइव्हवर ठेवायच्या.

मी त्या काळात लिनक्समधला मोठा माणूस. शंभरेक आज्ञा तोंडपाठ. काळ्या पडद्यावर भराभर टाइप करायला लागलो की पोरं भोवती जमायची. मी म्हटलं, वहिनी, द्या इकडं, दहा मिनिटांत लिनक्स घालून देतो. माझा लॅपटॉप काढला, लिनक्स घालण्यासाठी पेनड्राइव्ह तयार करायला बसलो. माझा पेनड्राइव्ह लावला होताच, शेजारी वहिनींचाही लावला, म्हटलं त्यांच्या फायलीही उतरवून घेऊ. दोन्ही काळे, दोन्ही १६ जीबीचे.

'डीडी' नावाची एक आज्ञा आहे. एका ठिकाणचं जसंच्या तसं दुसऱ्या ठिकाणी उतरवते. कुठे उतरवायचं त्या जागेचं नाव द्यावं लागतं, आणि दोन पेनड्राइव्हच्या नावांत फरक असतो एका अक्षराचा. मी ते अक्षर चुकवलं. ती आज्ञा "नक्की का?" असंही विचारत नाही. ती सांगितलेलं करते. वहिनींच्या तीन महिन्यांच्या हिशोबावर मी माझ्या हातानं लिनक्सची फाइल उतरवली.

दुसऱ्या दिवशी बिल वाटायचं होतं.

फायली परत काढणारे कार्यक्रम चालवले. काही मिळाल्या, पण नावं गेलेली, काही अर्धवट, उघडत नव्हत्या. शेवटी आम्हाला वाचवलं ते पुतणीनं. ती तेव्हा नववीत होती. आईला मदत म्हणून ती रोजचं दूध एका जाड रजिस्टरमध्येही लिहायची. का लिहितेस म्हणून मी तिला पूर्वी हसलोही होतो. तीन रात्री बसून आम्ही त्या रजिस्टरवरून सगळं पुन्हा भरलं. बिल चार दिवस उशिरा निघालं. शेतकरी समजूतदार होते म्हणून निभावलं, पण वहिनींना रोज दारात उभं राहून उत्तरं द्यावी लागली. मला नाही.

पुढे वाचनात आलं की खुद्द टॉरवॉल्ड्सकडूनही असंच झालं होतं. त्याला मोडेमला आज्ञा द्यायची होती आणि त्यानं ती हार्ड डिस्कला दिली. त्या डिस्कवरची मिनिक्स नावाची प्रणाली, जी तो तोवर वापरत होता, ती मोडली. मग पुन्हा मिनिक्स घालण्याऐवजी त्यानं स्वतःच्या लिनक्सवरच राहायचं ठरवलं. मला थोडा धीर आला. पण फरक आहे. त्यानं स्वतःची डिस्क घालवली. मी दुसऱ्याची घालवली, आणि तीही विचारल्याशिवाय.

"काका, मी अजून काही केलं नाही"

त्या लॅपटॉपवर मग लिनक्स घातलं, आधी सगळं दोन ठिकाणी उतरवून. चांगलं चाललं. हिशोब लिबर ऑफिसमध्ये. दोन वर्षांनी एके दिवशी सकाळी पुतणीचा फोन. आता ती अकरावीत. लॅपटॉप सुरू होतोय, पासवर्ड टाकला की पडदा काळा होतो आणि परत पासवर्डच मागतो. पासवर्ड बरोबर आहे.

ती पुढे काय म्हणाली ते ऐका. "काका, मी अजून काही केलं नाही. काल अपडेट करताना जागा कमी आहे असा निरोप आला होता, तो मी वहीत लिहून ठेवलाय. आज तुम्ही दिलेल्या पेनड्राइव्हवरून लॅपटॉप सुरू केला, आधी आईच्या हिशोबाच्या फायली दुसरीकडे घेतल्या. मग डिस्क बघितली तर ती पूर्ण भरलेली दिसतेय. म्हणून आत शिरता येत नसेल का?"

मंडळी, मला तिला सांगायला फार काही उरलंच नव्हतं. डिस्क पूर्ण भरली की डेस्कटॉपला सुरू होताना लागणाऱ्या बारीकसारीक फायली लिहायला जागा मिळत नाही आणि तो परत दारात आणून सोडतो. अपडेटसाठी उतरवलेल्या जुन्या फायली साठून राहिल्या होत्या, त्या एका आज्ञेनं साफ केल्या. आज्ञा मी सांगितली. तिला ती माहीत नव्हती. पण त्या दिवशी जाणकार कोण होतं? आज्ञा माहीत असलेला मी, की ती?

माझं उत्तर आहे, ती. आणि का, तेच मला आज सांगायचं आहे.

पहिली गोष्ट, तिनं मशीन काय म्हणतंय ते वाचलं होतं. आपल्याला पडद्यावर चौकट आली की वाचायच्या आधी ती बंद करायची सवय असते. लिनक्स बरंच काही सांगत असतं. इंग्रजीत सांगतं, रुक्षपणे सांगतं, पण सांगतं. तो निरोप जसाच्या तसा लिहून घेणं किंवा मोबाइलवर फोटो काढणं, इथे अर्धं काम होतं. "चालत नाही" हे दुखणं नव्हे. डॉक्टरकडे जाऊन "बरं नाही" एवढंच सांगितलं तर डॉक्टर काय करेल?

दुसरी गोष्ट, तिनं परत फिरायची वाट आधी बांधली. काही करायच्या अगोदर हिशोब बाहेर काढला. विहिरीत उतरणारा माणूस आधी दोर बघतो, मग पाय टाकतो. ज्याच्याकडे दोर आहे तो हवे ते प्रयोग करू शकतो. ज्याच्याकडे नाही, तो कितीही हुशार असला तरी जुगार खेळतोय. मी खेळलो होतो.

तिसरी गोष्ट, तिला माहीत असलेलं आणि अंदाजाचं यांतला फरक कळत होता. डिस्क भरलीय हे तिनं बघितलं होतं. त्यामुळेच आत शिरता येत नाही हा तिचा अंदाज होता, आणि तो तिनं अंदाज म्हणूनच मांडला. मला त्या काळात सगळंच माहीत असायचं.

आणि चौथी गोष्ट मला उशिरा कळली. मी ज्यांच्या ज्यांच्या घरी लिनक्स घालून दिलं, ते सगळे माझ्यावर अवलंबून राहिले. मला त्याचा अभिमान वाटायचा. दिवसाला तीन फोन. पुतणीनं मात्र केंद्रावरच्या मदतनीस मुलाला पेनड्राइव्हवरून लॅपटॉप कसा सुरू करायचा ते शिकवलं, वहीत पायऱ्या लिहून दिल्या. ती पुण्याला शिकायला गेली तरी केंद्र अडलं नाही. ज्याच्या गैरहजेरीत काम थांबतं तो महत्त्वाचा माणूस असेल. पण ज्याच्या गैरहजेरीतही काम चालतं, त्यानं काम खरं शिकवलेलं असतं.

मराठी कशी चालते?

हा प्रश्न येणारच, म्हणून आधीच सांगतो. लिनक्सवर मराठी उत्तम चालते. त्यामागे अनेकांचे कष्ट आहेत. २००० च्या सुमारास मुंबईत इंडलिनक्स नावाचं काम सुरू झालं, भारतीय भाषांत लिनक्स आणण्यासाठी. पुढे रेड हॅट कंपनीनं 'लोहित' हे फॉन्ट सर्वांसाठी मोकळे केले. लोहित म्हणजे लाल. डेस्कटॉपचे मेनू मराठीत आणण्याचं काम बरंचसं स्वयंसेवकांनी केलं.

टाइप करायला इनस्क्रिप्ट कीबोर्ड आतच असतो, वेगळं काही विकत घ्यायचं नाही. 'शेतकऱ्यांना' लिहायचं असेल तर नेहमीचा र घेऊन चालत नाही, नाहीतर 'शेतकर्यांना' असं होतं. शिफ्ट धरून जे दाबायचं, म्हणजे ऱ येतो, मग हलंत, मग य. एवढं हाताला लागलं की झालं.

अडचण येते ती जुन्या फायलींची. गावातल्या टायपिंगवाल्याकडून आणलेली पत्रिका किंवा ठरावाची फाइल लिनक्सवर उघडली की "ßÖÖêÖ" असलं काहीतरी दिसतं आणि लोक म्हणतात, लिनक्सनं मराठी बिघडवली. तसं नाही. त्या फाइलमध्ये मराठी अक्षरं नसतातच. आत परकी अक्षरं असतात आणि विशिष्ट फॉन्टचा मुखवटा चढवला की ती मराठी दिसतात. मुखवटा नसलेल्या कुठल्याही संगणकावर हेच होणार, मग तो विंडोजचा का असेना. युनिकोडमध्ये लिहिलेली फाइल मात्र सगळीकडे मराठीच दिसते. नव्या सगळ्या फायली युनिकोडमध्ये करा, हा माझा आग्रह.

श्रोत्यांचे प्रश्न

*आमचं सेवा केंद्र आहे. तिथली सगळी कामं यावर होतील का?*

ताई, सगळी होतील असं मी सांगणार नाही. ब्राउजरमध्ये चालणारी बरीच कामं होतात. पण बोटांचे ठसे घेणारं यंत्र, डिजिटल सहीची चावी, काही प्रिंटर, यांना लागणारे कार्यक्रम काही वेळा फक्त विंडोजसाठीच मिळतात. टॅलीचंही तसंच. तुमचं पोट ज्या मशीनवर आहे ते आज बदलू नका. जुना पडलेला लॅपटॉप घ्या, पेनड्राइव्हवरून लिनक्स चालवा, तुमचं एकेक यंत्र लावून बघा आणि काय चाललं, काय नाही याची यादी करा. यादी झाली की निर्णय आपोआप होईल.

*पोरानं हे शिकलं तर नोकरी लागेल का?*

दादा, खरं सांगतो, नुसतं "लिनक्स येतं" म्हणून कोणी नोकरी देत नाही. पण ते कुठे कुठे आहे बघा. तुमच्या अँड्रॉइड मोबाइलच्या पोटात लिनक्स कर्नल आहे. जगातले सगळ्यात वेगवान पाचशे महासंगणक २०१७ च्या नोव्हेंबरपासून सगळेच्या सगळे लिनक्सवर चालतात. ज्या मुलाला सर्व्हर, नेटवर्क, प्रोग्रामिंग यांत जायचंय त्याला हे लागणारच. ते शिकायला महागडा लॅपटॉप लागत नाही, हा आपल्यासारख्यांचा फायदा. मुंबईच्या आयआयटीच्या 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पात लिनक्स आणि लिबर ऑफिसचे छोटे छोटे धडे आहेत, फुकट, आणि मराठीतही. एका खिडकीत धडा लावायचा, दुसरीत स्वतः करून बघायचं.

*माझा लॅपटॉप फार जुना आहे, २००९ चा. त्यावर चालेल?*

आधी प्रोसेसर बघ. त्या काळातले काही ॲटम प्रोसेसर ३२ बिटचे होते. डेबियन १३, जे ऑगस्ट २०२५ मध्ये आलं, ते अशा मशीनवर नव्यानं घालता येत नाही. अँटीएक्ससारखे काही हलके डिस्ट्रो अशा मशीनसाठी आहेत, ते बघ. लिहिणं, वाचणं, प्रोग्रामिंग शिकणं एवढं होईल. व्हिडिओची फार आशा ठेवू नको.

*सर, जाणकार व्हायला किती आज्ञा पाठ करायच्या?*

एकही नाही. वापरशील त्या आपोआप राहतील. न आठवणाऱ्या शोधता येतात. 'मॅन' असं लिहून पुढे आज्ञेचं नाव दिलं की तिची माहिती मशीनच देतं, नेट नसलं तरी. पाठांतराऐवजी एक वही कर. काय केलं, काय निरोप आला, कशानं सुटलं. सहा महिन्यांनी ती वही वाच, मग तुला कळेल तू कुठवर आलास.

शेवटी एवढंच. आज घरी गेल्यावर तो लॅपटॉप खाली काढा, पुसा, चार्जिंगला लावा. पण आज रात्री त्यावर लिनक्स घालू नका. आज फक्त त्यातले फोटो, हिशोब, मुलांच्या फायली दोन ठिकाणी उतरवून घ्या आणि त्या दुसऱ्या ठिकाणाहून खरोखर उघडतात का ते बघा. आणि ज्यांच्या फायली आहेत त्यांना विचारून करा. मी ते विचारलं नव्हतं. उद्या पेनड्राइव्हवरून लिनक्स नुसतं चालवून बघा. त्यानं डिस्कवरचं काही बदलत नाही. घालायचं की नाही ते परवा ठरवा.